केशपेशींचा जन्म : फळमाशीच्या शृंगिकेपासून मानवी अंतर्कर्णापर्यंत

अंतर्कर्णातील केशपेशी गर्भात कशा जन्माला येतात, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाला एकाच वाटेने मिळालेले नाही. कानाचे सूक्ष्म विच्छेदन करणारे शरीररचनाशास्त्रज्ञ, उंदराच्या गर्भातील पेशींना किरणोत्सर्गी खुणा करून त्यांचा माग काढणारे वैद्यकीय संशोधक, पक्ष्यांच्या कानाला इजा करून ती भरून येते का ते पाहणारे जीवशास्त्रज्ञ आणि फळमाशीच्या शरीरावरील संवेदी रोमांचा अभ्यास करणारे जनुकशास्त्रज्ञ अशा चार परंपरा दीर्घकाळ आपापल्या दिशेने चालत राहिल्या, आणि १९९० च्या दशकात त्यांचे धागे एकमेकांत गुंतले. त्या दशकाच्या इतिहासात मुंबईतील कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेलाही स्थान आहे. तेथील एका प्रयोगशाळेने कानावर प्रयोग केले नव्हते. तिचा विषय माशीचे घ्राणेंद्रिय हा होता. तरीही संवेदी पेशी घडवणाऱ्या ज्या जनुकाचा आणि ज्या पेशीसंवादाचा अभ्यास तेथे झाला, तेच जनुक आणि तोच संवाद सस्तन प्राण्यांच्या कानातही केशपेशींचा जन्म ठरवतात, हे त्याच सुमारास अन्यत्र उघड झाले.

केशपेशी ही अंतर्कर्णातील मूळ संवेदी पेशी होय. तिच्या माथ्यावर अतिसूक्ष्म तंतूंचा झुबका असतो आणि त्यावरूनच तिला हे नाव पडले आहे. ध्वनीच्या कंपनांनी किंवा डोक्याच्या हालचालीने हा झुबका किंचित कलला, की तंतूंच्या टोकांशी असलेली सूक्ष्म द्वारे उघडतात, विद्युत्भारित कण पेशीत शिरतात आणि यांत्रिक हालचालीचे रूपांतर विद्युत्संकेतात होऊन तो श्रवणचेतेला मिळतो. तोल सांभाळणाऱ्या अवयवांत, म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारच्या दोन कोषांत, केशपेशी असतात. त्याचप्रमाणे ध्वनी टिपणाऱ्या, शंखासारख्या वळलेल्या कॉक्लिया या नलिकेतही त्या असतात. मानवी कॉक्लियात त्यांची मांडणी अत्यंत काटेकोर असते: आतल्या बाजूला एक ओळ आणि बाहेरच्या बाजूला तीन ओळी. आतल्या ओळीतील सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूला वृत्त पोहोचवतात, तर बाहेरच्या ओळींतील सुमारे बारा हजार पेशी स्वतः आखडून व प्रसरण पावून मंद ध्वनी वाढवतात. एका कानातील श्रवणाचे सारे भांडवल एवढेच, म्हणजे पंधरा-सोळा हजार पेशींचे असते.

रचनेचा शोध

या पेशींचे पहिले नेमके वर्णन १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्फोन्सो कोर्टी या इटालियन संशोधकाने जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे, अल्बर्ट क्योलिकर यांच्या प्रयोगशाळेत काम करताना सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियाचे पातळ तुकडे कार्मिन या लाल रंगद्रव्याने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील पेशींच्या ओळी रेखाटल्या. या संवेदी पट्टीला पुढे कोर्टीचा अवयव हे नाव मिळाले. तीन दशकांनंतर स्वीडनमधील गुस्ताफ रेट्झियस यांनी मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या अंतर्कर्णांची तुलना करणारा दोन खंडांचा ग्रंथ १८८१ ते १८८४ या काळात प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे इतकी बारकाईने काढलेली आहेत की पुढील शतकातील संशोधकही त्यांचा आधार घेत राहिले. मात्र रेट्झियस यांच्या काळातील साधनांनी फक्त तयार झालेली रचना दिसत होती. एकसारख्या दिसणाऱ्या भ्रूणपेशींपैकी नेमकी एखादी पेशी केशपेशी का होते आणि तिच्या शेजारची का होत नाही, हा प्रश्न विचारण्याचेही साधन त्या काळी नव्हते.

गर्भातील क्रम

कानाच्या घडणीचा बाह्य क्रम भ्रूणशास्त्राने हळूहळू निश्चित केला. मानवी गर्भात चौथ्या आठवड्याच्या आरंभी डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मेंदूच्या मागल्या भागाला लागून, बाह्यस्तराची एक चकती जाड होते. बाह्यस्तर म्हणजे भ्रूणाचा तो थर, ज्यापासून पुढे त्वचा आणि मज्जासंस्था घडतात. ही चकती आत खचते, तिची खळगी होते, आणि खळगीचे तोंड मिटून चौथ्या आठवड्याच्या अखेरीस एक बंद पिशवी तयार होते. हीच कर्णपुटिका होय. ही चकती नेमकी याच जागी का उमटते, याचा उलगडा बराच नंतर झाला. २००० मध्ये राज लाधेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील प्रयोगांतून दाखवले, की चकतीखालच्या मध्यस्तरातून येणारा एक रासायनिक संकेत आणि शेजारच्या मेंदूच्या ऊतीतून येणारा दुसरा संकेत हे दोन्ही एकत्र आले, की बाह्यस्तरातील सामान्य पेशी कान होण्याच्या मार्गाला लागतात. लाधेर पुढे बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करू लागले. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच एक भाग आहे.

कर्णपुटिकेच्या भिंतीतून काही पेशी बाहेर पडून श्रवण व तोल यांच्या चेतापेशी होतात. उरलेल्या भिंतीवर संवेदी पेशींची ठाणी पडतात. पुटिकेच्या वरच्या भागातून तोल सांभाळणारे अवयव आकार घेतात, तर खालच्या टोकातून एक नळी लांबत आणि वळत जाऊन तिसऱ्या महिन्याच्या आत कॉक्लियाचे अडीच वेढे पूर्ण करते. त्या नळीच्या तळावर भावी संवेदी पेशींची एक अरुंद पट्टी तयार होते. मानवी कॉक्लियात केशपेशी वेगळ्या ओळखू येऊ लागतात त्या साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात. चौदाव्या आठवड्याच्या सुमारास आतली एक आणि बाहेरच्या तीन अशा ओळी लागतात. आणि चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून गर्भ बाहेरच्या आवाजांना प्रतिसाद देऊ लागतो. नवजात बालक जगात येते तेव्हा त्याच्या कॉक्लियातील पेशी संख्येने आणि मांडणीने पूर्ण झालेल्या असतात, आणि त्यानंतर त्यांत नैसर्गिकपणे एकाही पेशीची भर पडत नाही.

हे ‘भर पडत नाही’ कधीपासून लागू होते, याचा शोध १९६७ मध्ये लागला. अमेरिकेतील रॉबर्ट रूबेन यांनी गाभण उंदरांच्या माद्यांना वेगवेगळ्या दिवशी किरणोत्सर्गी थायमिडीन टोचले. थायमिडीन हा डीएनएचा एक घटक आहे. जी पेशी त्या वेळी विभाजनाची तयारी करत असते, ती तो आपल्या नव्या डीएनएमध्ये सामावून घेते, आणि पुढे विभाजन थांबले तर ती खूण तिच्यात टिकून राहते. पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या कॉक्लियाचे काप तपासून कोणती पेशी कोणत्या दिवशी शेवटची विभागली, हे रूबेन यांना वाचता आले. उंदराच्या एकोणीस-वीस दिवसांच्या गर्भकाळात कॉक्लियातील भावी केशपेशींचे शेवटचे विभाजन मुख्यतः बाराव्या ते चौदाव्या दिवसांत उरकते. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे विभाजन थांबण्याची लाट कॉक्लियाच्या टोकाकडून पायथ्याकडे सरकते, तर त्यानंतर पेशींनी केशपेशींचे रूप धारण करण्याची लाट पायथ्याजवळून निघून उलट दिशेने टोकाकडे जाते. विभाजन थांबणे आणि विशेषीकरण सुरू होणे या दोन स्वतंत्र, परस्परविरुद्ध दिशांनी चालणाऱ्या घटना आहेत, असा या निरीक्षणाचा अर्थ होता. पुढे १९९९ मध्ये विभाजनाला लगाम घालणारे पी-२७ हे प्रथिन या पट्टीत आढळले. ज्या उंदरांत ते नव्हते, त्यांच्या कॉक्लियात विभाजन वेळेवर थांबले नाही आणि पेशींची मांडणी बिघडली.

कुलाब्यातील प्रयोगशाळा

रूबेन यांच्या प्रयोगाने ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ‘कोणती पेशी’ या प्रश्नाचे उत्तर मात्र दुसऱ्या प्राण्यातून यायचे होते. फळमाशी, म्हणजे शास्त्रीय भाषेत ड्रोसोफिला, ही पिकलेल्या फळांवर घोंघावणारी दोन-तीन मिलिमीटरची माशी जनुकशास्त्राच्या अभ्यासाचा मोठा आधार ठरली आहे. तिच्या अंगावर स्पर्श, वास, चव आणि कंपने टिपणारे शेकडो सूक्ष्म संवेदी अवयव असतात आणि प्रत्येक अवयव मोजक्या पेशींचा असल्यामुळे त्याची घडण पेशीगणिक पाहता येते.

भारतात या अभ्यासाची पायाभरणी मुंबईत झाली. ग्लासगो विद्यापीठात पीएच.डी. केलेले ओबेद सिद्दिकी होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि प्रामुख्याने भौतिकशास्त्र व गणित यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेत त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे सिद्दिकी यांनी अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्यासह माशीच्या चेतासंस्थेतील उत्परिवर्तनांवर काम केले आणि मुंबईत परतल्यावर वास व चव यांच्या जनुकशास्त्राकडे लक्ष वळवले. पूर्व आफ्रिकेतील गोमंतकीय कुटुंबात १९५३ मध्ये जन्मलेल्या आणि डब्लिन येथे शिकलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज संशोधनासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि माशीच्या रसायनसंवेदनेवरील सिद्दिकी व रॉड्रिग्ज यांचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील तीन दशके रॉड्रिग्ज यांनी माशीची घ्राणेंद्रिये कशी घडतात आणि त्यांच्यातील चेतातंतू मेंदूत योग्य जागी कसे पोहोचतात, या प्रश्नांवर मुंबईत आणि नंतर बंगळुरूत काम केले. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

माशीच्या शृंगिकेच्या तिसऱ्या खंडावर वास टिपणारे रोम असतात आणि आकारानुसार त्यांचे तीन मुख्य प्रकार पडतात. १९९७ मध्ये रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेतून दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले. वेणुगोपाल रेड्डी, भगवती गुप्ता आणि कृशानु राय यांच्यासह लिहिलेल्या पहिल्या निबंधात असे दाखवले होते, की घ्राणरोमाची घडण केवळ वंशावळीवर अवलंबून नसते; म्हणजे एकाच मातृपेशीच्या विभाजनातून ठरलेल्या संतती निर्माण होतात एवढ्यावर ती भागत नाही, तर शेजारच्या पेशींमधील परस्परसंवादही तिच्यात निर्णायक ठरतो. गुप्ता आणि रॉड्रिग्ज यांच्या दुसऱ्या निबंधाचा विषय अटोनल हे जनुक होता. हे जनुक नसलेल्या माश्यांच्या शृंगिकेवर तीन प्रकारांपैकी एका प्रकारचे, खड्ड्यात बसलेले रोम उगवतच नव्हते. उरलेल्या प्रकारांचे रोम मात्र येत होते. यावरून अटोनल हे त्या विशिष्ट रोमांचे चेतापूर्व जनुक ठरले. चेतापूर्व जनुक म्हणजे त्वचेच्या थरातील सामान्य पेशीला संवेदी पेशी होण्याची पात्रता देणारे जनुक.

अटोनल ते मॅथ-१

अटोनलचा शोध त्याआधी चार वर्षे, १९९३ मध्ये, कॅलिफोर्नियात युह नुंग जान आणि लिली जान यांच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू जर्मन यांनी लावला होता. त्यांना हे जनुक माशीच्या अंगातील ताण आणि कंपने टिपणाऱ्या अवयवांत सापडले. माशीचे श्रवणेंद्रिय असलेला, शृंगिकेच्या दुसऱ्या खंडातील अवयव त्याच जातीचा आहे. पुढल्याच वर्षी हे जनुक माशीच्या डोळ्यातील सर्वप्रथम निर्माण होणाऱ्या प्रकाशसंवेदी पेशीसाठीही आवश्यक असल्याचे दिसले, आणि १९९७ च्या मुंबईतील कामाने त्यात घ्राणेंद्रियाची भर घातली. कंपन, प्रकाश आणि गंध अशा तीन वेगळ्या संवेदनांसाठी एकच जनुक वापरले जात होते. कोणत्या जागी ते जागे होते आणि त्याच्या भोवतीची इतर जनुके कोणती आहेत, यावर घडणारा अवयव ठरत होता.

माशीत सापडलेल्या जनुकांची भावंडे सस्तन प्राण्यांत शोधण्याची पद्धत तोवर रूढ झाली होती. अटोनलचे उंदरातील भावंड १९९० च्या दशकाच्या मध्यावर सापडले आणि त्याला मॅथ-१ असे नाव मिळाले. आज ते एटोह-१ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेत ह्यूस्टन येथे हुदा झोघबी आणि ह्यूगो बेलन यांच्या प्रयोगशाळांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ही पिल्ले श्वास घेऊ न शकल्याने जन्मताच मरत, त्यामुळे नेसन बर्मिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी त्यांचे अंतर्कर्ण गर्भावस्थेतच तपासले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने या क्षेत्राची दिशा बदलली: कर्णपुटिका नीट तयार झाली होती, कॉक्लियाही वळला होता, संवेदी पट्टीही होती, परंतु तोल आणि श्रवण या दोन्ही भागांत एकही केशपेशी नव्हती. कानाची सारी इमारत उभी राहूनही तिच्यातील संवेदी पेशी मात्र एका जनुकाविना जन्मतच नाही, हे यातून सिद्ध झाले. पुढल्या वर्षी झेंग आणि गाओ यांनी नवजात उंदरांच्या कॉक्लियाच्या तुकड्यांत हेच जनुक अधिक प्रमाणात घालून जादा केशपेशी निर्माण करून दाखवल्या. २००२ मध्ये उंदराच्या मॅथ-१ च्या जागी थेट माशीचे अटोनल बसवण्यात आले, तेव्हा मॅथ-१ च्या अभावी दिसणारे दोष बहुतांशी भरून निघाले. माशी आणि उंदीर यांचे वंश पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरीही संवेदी पेशी घडवण्याची त्यांची आज्ञा एकमेकांना वाचता येत होती.

शेजाऱ्याला थांबवणारी पेशी

पात्रता मिळाली तरी पट्टीतील सर्वच पेशी केशपेशी झाल्या, तर कान निकामी ठरेल. कारण प्रत्येक केशपेशीला वेढून तिला उभे धरणाऱ्या आणि तिच्या भोवतालच्या द्रवाचे रासायनिक संतुलन राखणाऱ्या आधारपेशी लागतात. केशपेशी आणि आधारपेशी यांची आलटून पालटून मांडणी कशी साधते, याचे उत्तर नॉच या जनुकात मिळाले. पंखाच्या कडेला खाच पडलेल्या माश्यांमुळे हे जनुक १९१० च्या दशकात टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आले होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड पॉल्सन यांनी दाखवले, की नॉच नसलेल्या माशीच्या भ्रूणात त्वचा व्हायला हव्या होत्या अशा पेशीही चेतापेशी होतात. यातून पुढे बाजूरोधाची कल्पना स्थिरावली. समान पात्रतेच्या पेशींपैकी जी पेशी किंचित पुढे जाते, ती आपल्या पृष्ठभागावरील संकेतप्रथिनाने शेजारणींच्या नॉचला स्पर्श करते आणि त्यांच्यातील संवेदी पेशी होण्याचा कार्यक्रम बंद पाडते. शेजारणी आधारपेशी होतात.

हीच रीत कानात चालत असावी, असे १९९१ मध्ये ज्युलियन लुईस यांनी सुचवले. १९९५ मध्ये मॅथ्यू केली, जेफ्री कॉर्विन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातील कॉक्लिया प्रयोगशाळेत वाढवून त्यातील निवडक केशपेशी लेसरच्या किरणाने नष्ट केल्या. नष्ट झालेल्या पेशीच्या शेजारची पेशी, जी एरवी आधारपेशी झाली असती, ती आपला मार्ग बदलून केशपेशी झाली. रोखणारी पेशी नाहीशी होताच शेजारणीतील दबलेली शक्यता मोकळी झाली, असा त्याचा सरळ अर्थ होता. १९९८ मध्ये नॉच संकेत बिघडलेल्या झेब्राफिश माशांच्या कानात आधारपेशींच्या बदल्यात केशपेशींची गर्दी दिसली, आणि १९९९ मध्ये लॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी जॅग्ड-२ हे संकेतप्रथिन नसलेल्या उंदरांच्या कॉक्लियात केशपेशींच्या जादा ओळी दाखवल्या. मॅथ-१ आणि जॅग्ड-२ यांचे निबंध एकाच वर्षी आले. पात्रता देणारे जनुक आणि तिला आवर घालणारा संवाद या दोन्ही बाजू एकाच वेळी स्पष्ट झाल्या. माशीच्या घ्राणरोमाबाबत मुंबईत नोंदवलेला परस्परसंवादाचा मुद्दा आता कानाच्या घडणीतही मध्यवर्ती ठरला होता.

आकार आणि दिशा

निवड झाल्यानंतर केशपेशीचे शिल्प सुरू होते. तिच्या माथ्यावर आधी एक खरा पक्ष्माभ, म्हणजे हलू शकणाऱ्या सूक्ष्म तंतूच्या जातीचा धागा, मध्यभागी उगवतो आणि मग कॉक्लियाच्या बाहेरच्या कडेकडे सरकतो. त्याच्यामागे ॲक्टिन या प्रथिनाच्या दोऱ्यांनी भरलेले तंतू चढत्या उंचीच्या ओळींत वाढतात आणि बुटक्या तंतूचे टोक शेजारच्या उंच तंतूला एका अतिसूक्ष्म धाग्याने जोडले जाते. जेम्स पिकल्स यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेल्या या धाग्याच्या ताणानेच कंपनाचे द्वार उघडते. पट्टीतील सर्व झुबके एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले नाहीत, तर कंपनाचा परिणाम क्षीण होतो. ही दिशाही माशीत आधी सापडलेल्या जनुकांच्या एका गटाकडून ठरते. माशीच्या पंखावरील रोम एका बाजूला झुकवणाऱ्या त्या गटातील व्हँगल-२ हे जनुक बिघडले, की उंदराच्या केशपेशींचे झुबके भरकटतात, असे २००३ मध्ये दाखवण्यात आले. आतल्या आणि बाहेरच्या ओळींतील पेशी वेगळ्या का होतात, याचे महत्त्वाचे उत्तर तर अलीकडे, २०२२ मध्ये मिळाले: टीबीएक्स-२ हे जनुक पेशीला आतल्या ओळीचे रूप देते आणि ते काढले तर तीच पेशी बाहेरच्या ओळीच्या पेशीसारखी होते.

भिवंडी आणि राहनाळ : एकदाच मिळालेले भांडवल

या ज्ञानाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही, हे कुलाब्यापासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या भिवंडी तालुक्यात स्पष्ट होते. भिवंडी हे देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक आहे, आणि शहराला लागून असलेल्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर या गावांच्या पट्ट्यात यंत्रमागांच्या जोडीला गोदामांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फेकणाऱ्या मागांच्या शेडमध्ये आवाज बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. भारतातील कारखानाविषयक नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी हीच कमाल मर्यादा मानली आहे आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने नोंदणीयोग्य ठरवलेल्या व्यवसायजन्य आजारांपैकी एक आहे.

सतत मोठ्या आवाजात राहणाऱ्या कानात प्रथम बाहेरच्या ओळींतील पेशी मरतात, आणि त्यातही कॉक्लियाच्या पायथ्याकडील, म्हणजे उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशींना आधी झळ लागते. म्हणून ४,००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे आधी मंदावते. बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण निसटू लागतात, शब्द ऐकू येतात पण उमगत नाहीत, आणि मागावरच्या माणसाला स्वतःला हे कळेपर्यंत वर्षे निघून जातात. क्षयरोगावर पूर्वी इंजेक्शनने दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन आणि कॅनामायसिन ही औषधेही याच पेशींना मारतात. जी पेशी मरते तिच्या जागी नवी येत नाही, कारण तिला घडवणारी पात्रता आणि तिला घडू देणारी वेळ या दोन्ही गोष्टी तिच्या आईच्या गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यातच संपलेल्या असतात. राहनाळमधील चाळीस वर्षांच्या विणकराच्या कानातील प्रत्येक केशपेशी ही त्याच्याहून काही महिने मोठी असते.

त्याच कारणाने गर्भारपणाचे पहिले तीन महिने कानासाठी निर्णायक असतात. या काळात आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला, तर विषाणू गर्भापर्यंत पोहोचून घडत असलेल्या अंतर्कर्णाची हानी करू शकतो, आणि मूल जन्मतः बहिरे होऊ शकते. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम देशात २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा एक हेतू नेमके हे नुकसान टाळणे हा होता.

पुन्हा जन्म देण्याचे प्रयत्न

केशपेशी पुन्हा जन्मू शकतात ही शक्यता मात्र निसर्गात शिल्लक आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी, एकीकडे जेफ्री कॉर्विन व डग्लस कोटान्शे यांनी आणि दुसरीकडे ब्रेन्डा रायल्स व एडविन रुबेल यांनी, स्वतंत्रपणे दाखवले की मोठ्या आवाजाने केशपेशी नष्ट झालेल्या पक्ष्यांच्या कानात आधारपेशी पुन्हा विभागतात आणि त्यांतून नव्या केशपेशी उभ्या राहतात. सस्तन प्राण्यांच्या आधारपेशींनी ही क्षमता गमावली आहे. २००५ मध्ये बहिऱ्या केलेल्या गिनीपिगच्या कानात एटोह-१ जनुक पोहोचवून केशपेशींसारख्या नव्या पेशी आणि काही प्रमाणात श्रवण परत मिळवण्यात आले. २०१४ मध्ये याच जनुकाची मानवांवर चाचणी सुरू झाली. त्यानंतरच्या संशोधनाने हे पक्के केले, की प्रौढ कानात एकटे एटोह-१ पुरेसे नसते. गर्भात त्याच्या सोबतीला असणारी इतर जनुके, बंद झालेल्या आज्ञा उघडणारी यंत्रणा आणि पेशींना योग्य ओळीत बसवणारे संकेत यांचीही गरज असते. दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न अशा रीतीने पुन्हा भ्रूणशास्त्राच्या दाराशी येतो.

जेथे पेशी जन्मल्या आहेत पण त्यांच्यातील एखादे प्रथिन सदोष आहे, तेथे यश आधी मिळाले. २०२४ च्या जानेवारीत शांघाय येथील फुदान विद्यापीठाच्या गटाने ओटोफर्लिन जनुकातील दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांच्या कानात त्या जनुकाची निर्दोष प्रत पोहोचवल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्यांपैकी पाच मुलांचे श्रवण सुधारले. या मुलांच्या केशपेशी ओळींत उभ्या होत्या; चेतातंतूला संकेत देण्याचे साधन तेवढे त्यांच्याकडे नव्हते. जेथे पेशीच उरलेली नाही तेथे आज कॉक्लियर इम्प्लांट हा उपाय आहे. ते उपकरण केशपेशीची जागा घेऊन थेट श्रवणचेतेला विद्युत्संकेत देते. त्याचा उपयोग बालपणात लवकर केला तर भाषा येते, आणि त्यासाठी नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच होणे आवश्यक ठरते. वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रातील निदान, प्रशिक्षण आणि पुनर्वसनाचे काम करते.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला विज्ञानाच्या धोरणाविषयीचा आहे. बहिरेपणावर उपचार शोधण्याचा हेतू ठेवून कोणी माशीच्या शृंगिकेकडे वळले नव्हते. सजीवाला संवेदना कशी मिळते, एवढ्याच प्रश्नाने कुलाब्यातील, कॅलिफोर्नियातील आणि ह्यूस्टनमधील प्रयोगशाळा कामाला लागल्या, आणि केशपेशी पुन्हा निर्माण करण्याचे आजचे बरेच प्रयत्न त्यांच्या उत्तरांवर उभे आहेत. तत्काळ उपयोग न दिसणाऱ्या संशोधनाला सार्वजनिक निधी द्यावा की नाही, हा वाद जेव्हा जेव्हा उठतो, तेव्हा अटोनलचा हा प्रवास निधी देण्याच्या बाजूने भक्कम पुरावा म्हणून मांडता येतो. दुसरा निष्कर्ष आरोग्याविषयीचा आहे. हरवलेली केशपेशी परत निर्माण करण्याची विद्या अद्याप माणसाच्या हाती आलेली नाही, आणि ती येईपर्यंत गर्भातील कानाला विषाणूपासून जपणारी लस, मागाच्या शेडमधील कामगाराच्या कानांवरचे संरक्षक आवरण, आवाज कमी करणारी यंत्रे आणि प्रत्येक नवजात बालकाची चाचणी हेच खात्रीचे उपाय आहेत. त्यांपैकी कोणत्याही उपायासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. शासनाने, कारखानदाराने आणि कुटुंबाने ते आजच अमलात आणणे तेवढे बाकी आहे.